घरच्या करंटवर वेल्डिंग मशीन चालवायचं आहे? आधी हे वाचा

फाटकाची बिजागरी तुटलेली असते, गोठ्याच्या दाराचा अँगल सुटलेला असतो, गच्चीवर कुंड्यांसाठी स्टँड करायचं असतं. एवढ्याशा कामाला वेल्डर लवकर येत नाही, आणि आला तर कामापेक्षा येण्याजाण्याचेच पैसे जास्त होतात. म्हणून आता बरेच जण खांद्याला अडकवून नेता येणारं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतात. खोक्यावर ठळक २०० लिहिलेलं असतं आणि दुकानदार सांगतो, "सिंगल फेजवर चालतं, घरी लावा." घरी लावल्यावर मात्र एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा बोर्डवरचा स्विच) पडतो, प्लग काळा पडतो, रॉड चिकटतो आणि दोष मशीनला दिला जातो.

बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं. ते किती देऊ शकतं यापेक्षा तुमच्या भिंतीतली वायर त्याला किती देऊ शकते, यावर सगळं काम ठरतं. मी स्वतः या सगळ्यातून गेलोय आणि शेवटी ज्यावर येऊन थांबलो ते सुरुवातीलाच सांगतो: घरच्या सिंगल फेजवर वेल्डिंग करायचं तर अडीच एमएमचा रॉड आणि साधारण ६० ते ९० अँपिअर. एवढ्यात घरातली नव्वद टक्के कामं होतात. त्याच्या पुढचं काम असेल तर वेगळी तयारी लागते. तीही पुढे सांगितली आहे.

१. मशीन घेण्याआधी घरची वीज तपासा

वीजबिल काढा आणि त्यावर "मंजूर भार" किती आहे ते बघा. जुन्या घरांच्या बिलावर तो अर्धा किंवा एक किलोवॅट लिहिलेला सर्रास दिसतो, जरी घरात आज गिझर, फ्रिज आणि एसी असला तरी. अडीचच्या रॉडने वेल्डिंग करताना मशीन एकटंच दोन किलोवॅटच्या वर ओढतं. म्हणजे घरातली बाकी उपकरणं धरून मंजूर भार अपुरा ठरत असेल, तर तो वाढवून घ्या. अर्जासोबत ताजं बिल, ओळखपत्र आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल तयार ठेवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची संमती आधी घ्या.

मग मीटरपासून आत या आणि एकेक गोष्ट नजरेखालून घाला.

मेन बोर्डवर एमसीबी आहेत की पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज? किटकॅट असतील तर मेन स्विच बंद करून एक काढून बघा. त्यात फ्यूजची बारीक तार आहे की कोणीतरी "सारखा उडतो" म्हणून जाड तांब्याची तार पिळून ठेवली आहे? तशी तार असेल तर त्या घरात वेल्डिंग मशीन लावूच नका. जास्त करंट गेल्यावर तिथे काहीच तुटणार नाही, भिंतीतली वायर जळेल. आधी बोर्ड बदला.

एमसीबी असतील तर त्यांच्या तोंडावरचे आकडे वाचा. बी१६, सी१६, सी२० असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा अँपिअर सांगतो आणि अक्षर सांगतं की क्षणिक झटका तो किती सोसेल. बी जातीचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पट झटक्याला लगेच पडतो, सी जातीचा ५ ते १० पटीला. मशीन चालू करताना आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरतात तेव्हा असा क्षणभराचा झटका बसतो. त्यामुळे बी जातीचा एमसीबी विनाकारण पडू शकतो.

आता पॉवर प्लग. मोठ्या तीन पिनांचा, ज्याला आपण सवयीने १५ अँपिअरचा म्हणतो आणि ज्यावर आज १६ लिहिलेलं असतं तो. त्याची वायर थेट मेन बोर्डवरून आली आहे की शेजारच्या दिव्या-पंख्याच्या बोर्डमधून उचलली आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून उघडून बघून घ्या. जुन्या घरांत १५ अँपिअरचा सॉकेट आणि मागे दीड चौरस एमएमची बारीक वायर, हा प्रकार फार आढळतो. घर खूप जुनं असेल तर वायर ॲल्युमिनियमचीही निघते. तशा लाइनवर मशीन लावायचं नाही.

घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असेल तर अजून एक गोष्ट बघा. तुम्ही निवडलेला सॉकेट त्या इन्व्हर्टरच्या लाइनवर तर नाही ना? असेल तर लाइट जाताक्षणी वेल्डिंगचा सगळा भार बॅटरीवर येतो आणि इन्व्हर्टर बंद तरी पडतो किंवा जळतो तरी.

शेवटचं, व्होल्टेज. मल्टिमीटरने सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मोजा. आपल्याकडे सिंगल फेज २३० व्होल्टचं. पण डीपीपासून (गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या वस्तीत संध्याकाळी ते १९० वर आलेलं मी पाहिलं आहे. अशा घरात कामाची वेळ सकाळची किंवा दुपारची ठेवणं, हाच खरा उपाय आहे. फ्रिजचा स्टॅबिलायझर इथे उपयोगाचा नाही, तो एवढ्या भारासाठी बनलेलाच नसतो.

२. अँपिअरचा हिशोब समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मशीनच्या पडद्यावर दिसणारे अँपिअर रॉडमधून जाणारे असतात, भिंतीतून येणारे नव्हे. रॉडच्या टोकाला व्होल्टेज फक्त वीस-पंचवीस असतं, म्हणून २३० व्होल्टवरचे थोडे अँपिअर तिथे जास्त होऊन बाहेर पडतात.

साध्या रॉडच्या वेल्डिंगसाठी आर्कचं (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीचं) व्होल्टेज काढण्याचं ठरलेलं सूत्र आहे: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. १०० अँपिअरला ते २४ व्होल्ट येतं, म्हणजे टोकाला २४०० वॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ते २४०० च्या जागी सुमारे २८०० वॅट ओढतं. शिवाय स्वस्त इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरा कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे वायरमधला करंट आणखी वाढतो. सगळं धरून भिंतीतून येणारा करंट साधारण असा पडतो:

- रॉडला ६० अँपिअर: भिंतीतून सुमारे १०
- रॉडला ८० अँपिअर: १३ ते १४
- रॉडला १०० अँपिअर: १७ ते १८
- रॉडला १२० अँपिअर: सुमारे २२
- रॉडला १६० अँपिअर: सुमारे ३१

१६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा कुठे येते ते इथेच दिसतं. ८० पर्यंत आरामात, ९० पर्यंत ठीक, १०० ला ती ओलांडली. २०० अँपिअरच्या मशीनला पूर्ण ताकदीने चालवायचं तर भिंतीतून चाळीसच्या आसपास अँपिअर लागतील. घरातल्या कुठल्याही साध्या प्लगवर ते मिळत नाहीत.

व्होल्टेज कमी असेल तर हे आकडे वाढतात. इन्व्हर्टर मशीन तेवढीच ताकद देण्यासाठी जास्त करंट ओढतं. १०० अँपिअरला २३० व्होल्टवर जिथे साडेसतरा लागत होते, तिथे १९० व्होल्टवर एकवीस लागतात.

"एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" हा समज मनातून काढून टाका. १६ अँपिअरचा एमसीबी २० अँपिअरला लगेच पडत नाही, बराच वेळ तग धरतो. तेवढ्या वेळात सॉकेटमधली सैल पत्ती तापून प्लास्टिक मऊ होतं. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन रॉड जाळून झाले की मशीन बंद करा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर पुढे काम करू नका.

३. मशीन निवडताना पाटी वाचा

खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, मशीनच्या मागे चिकटवलेली पाटी वाचा. तिच्यावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, इनपुट: सिंगल फेज, २३० व्होल्ट, आणि पुढे किती टक्के कमी-जास्त चालेल ते. पंधरा टक्के लिहिलेलं असेल तर साधारण १९५ ते २६५ व्होल्टमध्ये मशीन काम करेल. तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर हा आकडा किमतीपेक्षा महत्त्वाचा.

दुसरी, ड्यूटी सायकल. ती दहा मिनिटांच्या हिशोबाने मोजतात. "१६० अँपिअरला ६० टक्के" म्हणजे दहातली सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. हे आकडे सहसा ४० अंश तापमान धरून दिलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम करत असाल तर मशीन त्याच्या आधीच गरम होऊन पिवळा दिवा लावेल. पंखा चालू ठेवून ते थंड होऊ द्या, स्विच बंद करू नका. मोठं मशीन घेऊन कमी अँपिअरवर चालवण्याचा खरा फायदा इथे आहे: ८० अँपिअरवर २०० चं मशीन क्वचितच तापतं.

तिसरी, मशीन दोन फेजचं आहे का. गावाकडचे तेलाचे जुने ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग सेट दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात. कोणी असा सेट स्वस्तात देत असेल तर तो घरच्या सिंगल फेजवर चालणार नाही. याच्या उलटही लक्षात ठेवा: फक्त २३० व्होल्टचं इन्व्हर्टर मशीन मोटरच्या स्टार्टरवरून दोन फेज काढून लावलं की क्षणात जळतं.

हॉट स्टार्ट आणि अँटी-स्टिक या सोयी असलेलं मशीन नवख्याने जरूर घ्यावं. पहिलीमुळे आर्क पटकन पेटते. दुसरीमुळे रॉड चिकटला तर मशीन करंट आपोआप पाडतं आणि रॉड लाल होत नाही. बाकी डिजिटल पडदा, बटणं यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा चांगला होल्डर (रॉड धरायची मूठ) आणि तांब्याची केबल घ्या. मशीनबरोबर येणारी केबल बहुधा आखूड आणि हलकी असते.

४. जमल्यास वेगळी लाइन ओढून घ्या

वर्षातून चार कामं करणार असाल तर एसीचा किंवा गिझरचा स्वतंत्र पॉइंट पुरतो, अर्थात त्या वेळी एसी-गिझर बंद ठेवून. नेमाने वापरणार असाल तर अंगणाच्या किंवा पार्किंगच्या भिंतीवर एक वेगळा पॉइंट करून घ्या. इलेक्ट्रिशियनला नुसतं "वेल्डिंगचा पॉइंट दे" म्हणू नका. पुढची यादी त्याच्या हातात द्या:

- मेन बोर्डवरून थेट, मध्ये कुठेही जोड नसलेली ४ चौरस एमएमची तांब्याची वायर, फेज आणि न्यूट्रल दोन्हीला
- अर्थिंगची स्वतंत्र वायर, थेट अर्थ पट्टीपर्यंत
- २० अँपिअरचा, सी जातीचा, डबल पोल एमसीबी
- ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी संरक्षण (करंट अंगातून किंवा जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच)
- २० अँपिअरचा मेटलक्लॅड सॉकेट आणि त्याचाच प्लग

घराला अर्थिंग आहे की नाही, हे त्याच दिवशी तपासून घ्या. अनेक घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलची वायरच अर्थच्या पिनला जोडून देणारे लोक आहेत. ते कदापि करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनच्या पत्र्याच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात.

आरसीसीबी वेल्डिंगच्या वेळी पडत असेल तर तो काढून टाकायचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका. आधी मशीनची वायर कुठे सोललेली आहे का, आत ओल किंवा लोखंडाची भुकटी गेली आहे का, ते बघा.

५. एक्स्टेन्शन बोर्ड: सगळ्यात मोठा सापळा

काम फाटकापाशी आणि प्लग घरात, म्हणून एक्स्टेन्शन लागतंच. बाजारातला नेहमीचा, बारीक वायरचा आणि चार सॉकेटचा बोर्ड यासाठी नाही.

कारण आकड्यांत बघा. पाऊण चौरस एमएमच्या २० मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण १ ओहम भरतो. त्यातून १७ अँपिअर गेले की १७ व्होल्ट वायरमध्येच मरतात आणि वायर जवळजवळ ३०० वॅटची उष्णता सोडते. ती गुंडाळी करून ठेवलेली असेल तर उष्णता आतच कोंडते आणि मधले वेढे एकमेकांना चिकटतात. तीच लांबी अडीच चौरस एमएमच्या वायरची घेतली तर सहा व्होल्टदेखील पडत नाहीत.

म्हणून अडीच चौरस एमएम, तीन कोअर, तांब्याची गोल लवचीक केबल मीटरवर कापून घ्या. एका टोकाला १६ अँपिअरचा प्लग, दुसऱ्या टोकाला एकच १६ अँपिअरचा सॉकेट. पंचवीस मीटरच्या पुढे जायचं असेल तर ४ चौरस एमएम. वापरताना पूर्ण उलगडून जमिनीवर पसरा, आणि ठिणग्या पडतील तिथून लांबून न्या.

आणखी चांगलं म्हणजे एक्स्टेन्शन आखूड ठेवून वेल्डिंगच्या बाजूची केबल लांब करायची. तिकडे २५ चौरस एमएमची तांब्याची केबल दहा-दहा मीटर घेतली तरी ८० अँपिअरला फारसा फरक पडत नाही, आणि धोक्याचा २३० व्होल्टचा भाग घराजवळच राहतो.

६. रॉड कुठला

दुकानात रॉड नंबराने मागतात. १२ नंबर म्हणजे अडीच एमएम, १० नंबर म्हणजे ३.१५ आणि ८ नंबर म्हणजे ४ एमएम. घरासाठी ई ६०१३ जातीचा, १२ नंबरचा घ्या. तो सहज पेटतो, सांध्यावर जमणारी रॉडच्या लेपाची खपली पटकन निघते आणि थोडासा गंज असला तरी काम करतो.

३ ते ५ एमएमच्या पट्टी-अँगलसाठी अडीचचा रॉड, ७० ते ८५ अँपिअर. १६ किंवा १८ गेजच्या चौकोनी पाइपला मात्र तो भोकं पाडतो. तिथे २ एमएमचा रॉड ४० ते ५० अँपिअरवर लावा आणि सलग ओढण्याऐवजी टाके मारत, मध्ये थंड होऊ देत पुढे सरका. १० नंबरला ९० ते १३० अँपिअर लागतात, म्हणजे तो वेगळी लाइन असेल तरच, आणि तोही खालच्या टोकाला. ८ नंबर घरी आणूच नका.

ई ७०१८ जास्त मजबूत म्हणून कोणी सुचवेल. तो रॉड तीनशे अंशांच्या वर भाजून कोरडा करून वापरावा लागतो. घरात ती सोय नसते.

ई ६०१३ सुद्धा ओल धरतो. कोकणात पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड तडतडतो आणि सांध्यात बारीक छिद्रं पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

७. आणून ठेवायचं सामान

- डोक्यावर बसणारं, आपोआप काळं होणारं हेल्मेट (शेड, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर, ९ ते १३ बदलता येणारं) किंवा १० नंबरच्या काचेची स्क्रीन
- चामड्याचे लांब हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट
- चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश, साधा पारदर्शक चष्मा
- चार इंची ग्राइंडर, कटिंग आणि ग्राइंडिंगच्या चकत्या
- दोन सी-क्लॅम्प, गुण्या, मार्किंगचा खडू
- कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट, उभं राहायला
- एक बादली पाणी आणि एक बादली वाळू

हेल्मेटवर कंजुषी नको. हातात काच धरून काम केलं की एक हात अडकतो आणि टाका मारताना माणूस "एवढ्यापुरतं" म्हणून उघड्या डोळ्यांनी बघतो. साधा काळा गॉगल आर्कला पुरत नाही.

८. जागा आणि जीव सांभाळणं

आर्कमधली अतिनील किरणं डोळ्याला लागली तर त्या क्षणी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळे खुपायला लागतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. दूध, गुलाबपाणी, बटाट्याच्या चकत्या यात वेळ घालवू नका. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून स्वतःच टाकत बसू नका, त्याने बुबुळाला इजा होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आपल्याकडे वेल्डिंग सुरू झालं की वाडीतली पोरं गोळा होतात. त्यांना हाकलून ती जात नाहीत, म्हणून पत्रा किंवा जाड ताडपत्री आडवी लावून कामाची जागा झाका.

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, जळताना पांढरा धूर सोडतो. तो श्वासातून गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा ग्राइंडरने काढा, उघड्यावर काम करा आणि वाऱ्याकडे पाठ नको, वारा आडवा येईल असे बसा.

तेलाचा, रंगाचा, केमिकलचा बंद पिंप किंवा पेट्रोलची टाकी कधीही वेल्ड करू नका, रिकामी असली, धुतली असली तरी. आत राहिलेली वाफ स्फोट घडवायला पुरेशी असते. गाडीच्या चासीला टाका मारायचा असेल तर बॅटरीची टर्मिनलं आधी काढा. पेसमेकर असलेल्या माणसाने यापासून लांब राहावं.

पावसात आणि ओल्या जमिनीवर काम बंद. मशीन चालू असताना रॉड आणि क्लॅम्प (दुसऱ्या केबलचा, कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) यांच्यात ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत, घामाने भिजलेल्या हाताला मात्र झटका बसतो. रॉड बदलताना हातमोजा काढू नका, होल्डर काखेत धरू नका.

आणि तो क्लॅम्प. लोक त्याला "अर्थिंग" म्हणतात, म्हणून काही जण तो खिडकीच्या गजाला किंवा नळाला लावतात आणि काम भलतीकडे करतात. वेल्डिंगचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो, आणि ती घराच्या अर्थिंगच्या बारीक वायरमधून मिळाली तर ती वायर जळते. क्लॅम्प थेट ज्या लोखंडावर काम चाललंय त्यालाच, सांध्याजवळ, रंग-गंज घासून चकाकणाऱ्या जागी.

९. पहिली आर्क

पहिल्या दिवशी फाटकाला हात लावू नका. भंगारवाल्याकडून ५ एमएम जाडीची पट्टी वजनावर आणा आणि ग्राइंडरने पांढरी करा. होल्डर प्लसला, क्लॅम्प मायनसला. मशीन ७५ वर. (ई ६०१३ उलट जोडूनही चालतो, आणि पातळ पाइपला होल्डर मायनसला लावलेला बरा. भोकं कमी पडतात.)

रॉडचं टोक पट्टीवर काडेपेटीची काडी ओढतात तसं हलकं ओढा. पेटल्यावर लगेच दोन-अडीच एमएम उचला, रॉडच्या जाडीएवढं. नवख्याचा हात इथे दोनपैकी एक करतो: दाबून धरतो म्हणून चिकटतो, किंवा घाबरून उंच उचलतो म्हणून आर्क तुटते. चिकटला तर मनगट झटकून वळवा. नाहीच सुटला तर होल्डरची मूठ दाबून रॉड सोडा.

आर्क स्थिर झाली की कान द्या. अंतर बरोबर असेल तर सलग, एकसारखा चरचर आवाज येतो. फटफट आवाज आणि मोठ्या ठिणग्या म्हणजे रॉड लांब आहे किंवा करंट जास्त.

रॉड जायच्या दिशेने दहा-पंधरा अंश कलता ठेवून ओढा आणि नजर उजेडावर नाही, त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा. डबक्यात दोन रंग दिसतात. पुढचा भाग चकचकीत आणि पातळ, तो लोखंडाचा. त्याच्या मागे जरा गडद, सुस्तपणे सरकणारा थर, तो खपलीचा. खपली धावत आर्कच्या पुढे येऊ लागली तर हात सावकाश चाललाय किंवा करंट कमी आहे. ती आत अडकली की वरून भरलेला दिसणारा सांधा आतून पोकळ राहतो. हे दोन थर वेगळे ओळखता आले की अर्धं वेल्डिंग आलं. मला यालाच सर्वांत जास्त वेळ लागला, आणि कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

थंड झाल्यावर पारदर्शक चष्मा घालून खपली फोडा. गरम खपली उडून डोळ्यात जाते. रेषा उंच, दोरखंड ठेवल्यागत वर बसलेली असेल तर करंट वाढवा. कडांना खाच पडली असेल तर कमी करा किंवा आर्क आखूड ठेवा.

चौकट करताना आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा. मग गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा, आणि ते सारखे आले तरच पूर्ण वेल्डिंग करा, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून. एकाच बाजूने सगळं भरत गेलं की चौकट तिकडे ओढली जाते.

१०. काहीतरी अडलं तर

मशीन सुरू करतानाच एमसीबी पडतो: बी जातीचा असेल, सी जातीचा बसवून घ्या. रेटिंग मात्र वायरपेक्षा मोठं करू नका.

काम करताना मिनिट-दोन मिनिटांनी पडतो: त्याच लाइनवर दुसरं काही चालू आहे, किंवा करंट जास्त लावला आहे. एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं) घ्या आणि फेजच्या वायरमधला करंट मोजा, अंदाज नको.

रॉड सारखा चिकटतो, पडद्यावर मात्र ८० दिसतात: चालू असताना सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. वीसेक व्होल्ट पडत असतील तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल. पडत नसतील तर क्लॅम्पखालचा रंग घासा.

घरातले आणि शेजारचे दिवे लुकलुकतात: लाइनच कमजोर आहे. करंट कमी करा, संध्याकाळी काम टाळा आणि वीज कंपनीकडे कमी व्होल्टेजची तक्रार नोंदवा.

जनरेटरवर चालवायचं असेल तर १०० अँपिअरलाच चार केव्हीए लागतात, म्हणून पाच केव्हीएच्या खालचा घेऊ नका.

११. बिल आणि कायदा

अडीचचा एक रॉड साधारण मिनिटभर जळतो. तीसेक रॉडला एक युनिट पडतं, म्हणजे विजेच्या खर्चाची काळजी करण्याचं कारण नाही.

स्वतःच्या घराची कामं घरगुती मीटरवर करायला हरकत नाही. पण गल्लीतल्या लोकांची कामं पैसे घेऊन करू लागलात तर तो व्यवसाय होतो. घरगुती मीटरवर व्यवसाय केल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसं ठरलं तर लागू वर्गाच्या दुप्पट दराने आकारणी होते. कधीपासून वापर चालू आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांचं बिल लावलं जातं. त्याआधीच वेगळं कनेक्शन घ्या. शेतीपंपाच्या लाइनलाही तेच लागू आहे.

१२. मशीनची निगा

ग्राइंडिंग करताना मशीन जवळ ठेवू नका. त्याचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि ती सर्किटवर बसून शॉर्ट करते. घरच्या मशीनची बहुतेक बिघाडं मला याच कारणाने झालेली दिसली आहेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, ब्लोअरने जाळीतून कोरडी हवा मारा. झाकण उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहतात.

पावसाळ्यात मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर, कापडात झाकून ठेवा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना आधी तासभर उन्हात ठेवा, मग रॉड न लावता नुसतं चालू करून पंखा दहा मिनिटं फिरू द्या, आणि त्या वेळात होल्डरच्या मुठीचं प्लास्टिक आणि केबलचे दोन्ही जोड तपासून घ्या.